पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास : अध्ययन-अक्षम विद्यार्थी आणि परीक्षा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत शिकलो. पुढे आयुष्यभर महाविद्यालयात मराठी शिकवली आणि आता सत्तरी उलटल्यावर पुन्हा याच सभागृहात उभा आहे. संस्थेचे निमंत्रण आले तेव्हा मी एखादा वाङ्मयीन विषय घेईन, अशी कार्यवाहांची अपेक्षा असावी. मी निवडला तो विषय परीक्षेच्या अभ्यासाचा. तोही ज्यांना वाचन-लेखन जड जाते अशा विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा. मी मानसशास्त्रज्ञ नव्हे, वैद्यही नव्हे. तरीही हे धाडस केले, कारण दोन विद्यार्थ्यांचे माझ्यावर ऋण आहे. एकाच्या बाबतीत मी चुकलो; दुसरीच्या बाबतीत, उशिरा का होईना, शिकलो.

१. एक चूक

१९८५च्या सुमारास प्रथम वर्षाच्या माझ्या वर्गात एक विद्यार्थी होता. आजीच्या मांडीवर बसून ऐकलेल्या ज्ञानेश्वरीच्या ओव्या त्याला मुखोद्गत होत्या, आणि नुसत्या मुखोद्गत नव्हेत, तर त्यांचा अर्थही त्याला उमगलेला होता. वर्गात प्रश्न विचारला की तो असे काही उत्तर देई की मी घटकाभर थबकावे. मात्र त्याची उत्तरपत्रिका हाती आली की विश्वास बसत नसे. वाक्यागणिक तीन-चार चुका, अर्धवट शब्द, आणि तीन तासांत जेमतेम दोन प्रश्न सोडवलेले. सहामाही परीक्षेत ‘कर्मयोग’ या विषयावर टीप लिहायची होती. त्याने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ‘क्रमयोग’ असे लिहिले होते.

मी ती उत्तरपत्रिका वर्गात उंच धरली आणि म्हणालो, “ज्ञानेश्वरांना ठाऊक नसलेला हा नवाच योग आपल्या वर्गात सापडला आहे.” वर्ग हसला. तोही हसला. नंतर मी त्याला खोलीत बोलावून उपदेश केला, “आळस सोड. प्रत्येक पाठ दहा वेळा वाच.” दिवाळीच्या सुटीनंतर तो महाविद्यालयात आला नाही. त्याची चौकशी करावी असेही मला तेव्हा वाटले नाही.

पुष्कळ वर्षांनी एक गोष्ट वाचनात आली आणि तो हशा माझ्या कानांत पुन्हा उमटला. प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टराने नोव्हेंबर १८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत लिहिली. मुलगा हुशार, दृष्टी निर्दोष, गणितातली मोठी संख्या सहज वाचणारा. पण साधे छापील शब्द त्याला वाचता येत नसत. स्वतःचे नाव लिहितानाही त्याने ‘पर्सी’चे ‘प्रेसी’ केले होते. शिक्षण सगळे तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत मॉर्गनने नोंदवले आहे. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द तर त्याहीपूर्वी, १८८७ मध्ये, रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने वापरला होता. म्हणजे ‘पर्सी’चे ‘प्रेसी’ का होते, याचा विचार सुरू होऊन नव्वद वर्षे लोटली होती, आणि एक मराठीचा प्राध्यापक ‘कर्म’चे ‘क्रम’ झाले म्हणून वर्गाला हसवत होता.

२. अक्षमता कशाची?

या अडचणींना आज ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ असे नाव आहे. यातला ‘विशिष्ट’ हा शब्द महत्त्वाचा. बुद्धी मंद नसते, कान-डोळे ठीक असतात, शिकण्याची संधीही मिळालेली असते. तरी वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखाद्या विशिष्ट कौशल्यात मूल सतत मागे राहते. वाचनातील अडचण तो डिस्लेक्सिया, लेखनातील डिसग्राफिया आणि अंकगणितातील डिसकॅल्क्युलिया. एकाच मुलात दोन अडचणी एकत्र असणेही विरळा नाही.

वाचनाच्या अडचणीचे मूळ पुष्कळदा डोळ्यांत नसून ध्वनीत असते. आपण ‘कमळ’ हा शब्द ऐकतो तेव्हा तो क-म-ळ असा सुटा करून अक्षरांशी जोडण्याचे काम मेंदू इतक्या झटकन करतो की ते काम आहे हेच आपल्याला जाणवत नाही. या मुलांना ते दर वेळी कष्टाने करावे लागते.

आता याचा परिणाम पाहा. मनाची तात्पुरती साठवण ओंजळीसारखी असते. तिच्यात एका वेळी थोडेच पाणी मावते. चांगला वाचक अक्षरे ओळखण्यात ओंजळ अडकवत नाही, म्हणून ती सगळीच्या सगळी अर्थासाठी मोकळी असते. अडखळत वाचणाऱ्याची ओंजळ अक्षरे जुळवण्यातच भरून जाते. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत वाक्याचा आरंभ गळून गेलेला असतो. असे मूल दोन तास पुस्तक घेऊन बसले आणि त्याच्या हाती काही लागले नाही, तर त्याने आळस केला असे म्हणता येत नाही. त्याने शेजारच्या मुलाहून दुप्पट श्रम केलेले असतात. फक्त ते श्रम अभ्यासाच्या उंबरठ्यावरच संपलेले असतात.

३. आपल्या मुलांपुढच्या लिप्या

आपण मराठी माणसे अभिमानाने म्हणतो की देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते. हे बरेचसे खरे आहे, आणि इंग्रजीच्या मानाने आपल्या मुलांचा भार त्यामुळे हलका होतो. पण यातच एक धोका दडलेला आहे. ज्या भाषांत लेखन आणि उच्चार यांचा मेळ चांगला असतो, तेथे डिस्लेक्सिया असलेले मूल वयाने वाढते तसे बरेचसे अचूक वाचू लागते, परंतु फार सावकाश वाचते. चुका कमी दिसतात म्हणून शिक्षकांचा समज होतो की याला वाचता येते. अडचण उघडी पडते ती तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेपुढे.

शिवाय देवनागरीचे स्वतःचे अडथळे आहेतच. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य ही जोडपी दिसायला जवळची. आणि आपला ‘र’ तर बहुरूपी. ‘कर्म’मध्ये तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, ‘क्रम’मध्ये पायाशी येतो, ‘राष्ट्र’मध्ये काकपदासारखा लटकतो आणि ‘सुऱ्या’मध्ये आणखी निराळा होतो. कानाला ‘र’ आधी ऐकू येतो आणि डोळ्याला तो नंतरच्या अक्षरावर दिसतो. माझा विद्यार्थी घसरला तो नेमका याच पायरीवरून.

आपल्या बडोद्यातल्या मुलाला यात आणखी भर पडते. १९०६ मध्ये महाराजा सयाजीरावांनी सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. त्या परंपरेतल्या आपल्या मुलांना आज मराठी-हिंदीची देवनागरी, शिरोरेषा नसलेली गुजराती लिपी आणि इंग्रजीची रोमन लिपी, अशा तीन लिप्या हाताळाव्या लागतात. गुजरातीतील पुष्कळ अक्षरे देवनागरीच्या जवळची, पण ज, झ, फ, ब यांची वळणे निराळी. बहुतेक मुले हे सहज पेलतात. ज्याला एकच लिपी जड आहे, त्याची मात्र दमछाक होते, आणि मग घरीदारी ऐकू येते, “तीन भाषांचा गोंधळ झाला आहे, मोठा झाला की सुधारेल.” अनेक भाषा शिकल्याने डिस्लेक्सिया होत नाही, पण असलेला डिस्लेक्सिया या समजुतीआड वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. म्हणून मुलाची चाचणी त्याच्या शिक्षणाच्या भाषेतही व्हावी. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी ‘डाली’ नावाची चाचणीमाला तयार केली. ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत आहे.

४. वाचणे म्हणजे अभ्यास नव्हे

‘अभ्यास’ हा शब्द आपण ‘पुस्तक वाचणे’ या अर्थाने वापरतो. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ पुनःपुन्हा करणे असा आहे. धनुर्धराचा अभ्यास, गायकाचा अभ्यास. ‘उजळणी’ हा आपला मराठी शब्द तर अधिकच बोलका आहे. तांब्यापितळेचे भांडे घासून उजळावे लागते. नुसते पाहून ते उजळत नाही. परीक्षेत विद्यार्थ्याला काय करावे लागते? पुस्तक मिटलेले असताना आठवावे लागते. मग ज्याची परीक्षा व्हायची तेच करण्याचा सराव हवा. आपण सराव करतो तो मात्र पुस्तक उघडे ठेवून.

याविषयीचा एक प्रयोग शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना गद्य उतारे वाचायला दिले. काही वेळा विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला. काही वेळा उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचण्याचा फायदा दिसला : वाचलेले ८१ टक्के आठवले, लिहून पाहिलेले ७५ टक्के. एका आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत पारडे फिरले. पुन्हा वाचलेले ४२ टक्के उरले होते, आठवून लिहिलेले ५६ टक्के. गंमत अशी की त्यांच्याच पुढच्या प्रयोगात, आपल्याला पुष्कळ आठवेल असा भरवसा अधिक होता तो वारंवार वाचणाऱ्यांना. वाचून वाचून मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो.

२०१३ मध्ये डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित रीतींचा आढावा घेतला. त्यांत सर्वांत उपयुक्त ठरल्या त्या दोन : स्वतःची परीक्षा घेत राहणे आणि अभ्यास दिवसांवर विभागून करणे. पुन्हा वाचणे आणि ओळींखाली रेघा मारणे या आपल्या लाडक्या रीती तळाशी गेल्या. अभ्यास विभागून करण्याचे महत्त्व तर एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच, स्वतःवर प्रयोग करून, दाखवले होते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. रोडिगर-कार्पिक यांचा प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा आहे, अध्ययन-अक्षम मुलांवरचा नव्हे. पण विचार करा. पुन्हा वाचण्याची रीत ज्याला वाचन सोपे आहे त्यालाही फारसे देत नाही. मग ज्याला एकेक ओळ चढणीसारखी आहे त्याला “दहा वेळा वाच” असे सांगणे म्हणजे सर्वांत महाग पडणारी आणि सर्वांत कमी देणारी रीत त्याच्या गळ्यात मारणे होय. मी नेमके तेच केले होते.

५. चिवड्याचे चार डबे

आता दुसऱ्या विद्यार्थिनीविषयी. ती माझी नात. आठवीत असताना मानसशास्त्रज्ञांकडून तिची रीतसर तपासणी झाली आणि तिला डिस्लेक्सिया असल्याचे निष्पन्न झाले. २०१९च्या मार्चमध्ये तिची दहावीची परीक्षा झाली. त्याआधीचे दीड वर्ष मी रोज संध्याकाळी तिच्याबरोबर बसलो. जे साधले ते येथे सांगतो.

पहिली गोष्ट, धडा तिच्यापर्यंत कानांवाटे पोहोचवायचा. मी किंवा तिची आई एक पान मोठ्याने वाचत असू. ती पुस्तकावर नजर ठेवून ऐके. घरी कोणी नसेल तेव्हासाठी आम्ही धडे भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. अमुक मूल ‘श्राव्य प्रकारचे’ आणि तमुक ‘दृश्य प्रकारचे’, अशी विभागणी करून शिकवावे असा एक समज शाळांतून रूढ आहे. २००८ मध्ये पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली तेव्हा या समजाला पुरेसा आधार सापडला नाही. आम्ही ऐकण्याचा मार्ग घेतला तो केवळ एका दाराची वाट अरुंद होती म्हणून. वाचन सुधारण्याचे तिचे खास पाठ वेगळ्या वेळी, वेगळ्या शिक्षिकेकडे चालूच होते. ते थांबवून चालत नाही. पण विज्ञान शिकण्यासाठी वाचन सुधारण्याची वाट पाहत बसणेही योग्य नव्हे.

दुसरी गोष्ट, पान संपले की पुस्तक मिटायचे आणि ऐकलेले आपल्या शब्दांत सांगायचे. पहिल्या दिवशी येथेच गाडी अडली. “आता सांग,” म्हणताच तिच्या डोळ्यांत पाणी आले. तिच्या लेखी ‘सांग’ म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा म्हणजे नापास. मी काही न बोलता पुस्तक तिच्या हाती दिले आणि म्हणालो, “मी सांगतो, तू तपास.” एक पान सांगताना मी दोन मुद्दे विसरलो. तिने ते शोधून काढले आणि हसली. “आजोबा, तुम्हाला पन्नास टक्के!” त्या दिवसापासून आम्ही आळीपाळीने सांगू लागलो. पालकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की या उजळणीला गुण देऊ नयेत. सुरुवात तीन मुद्द्यांपासून करावी. चुकले की रागे न भरता लगेच पुस्तक उघडून बरोबर काय ते दाखवावे, कारण चुकीचे आठवलेले दुरुस्त न करता सोडले तर तेच पक्के होण्याची भीती असते.

तिसरी गोष्ट, अंतर ठेवून पुन्हा आठवायचे. सेबास्टियन लाइटनर याने १९७२ मधील आपल्या पुस्तकात चिठ्ठ्या आणि कप्प्यांची एक सोपी रीत सांगितली होती. आमच्या घरी चिवड्याचे चार रिकामे डबे होते. जाड कागदाच्या चिठ्ठीवर एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. लांब वाक्य नाही, शक्य तेथे आकृती. नवी चिठ्ठी पहिल्या डब्यात जाई आणि तो डबा रोज काढला जाई. उत्तर आले की चिठ्ठी दुसऱ्या डब्यात. तो तीन दिवसांनी. तिसरा डबा आठवड्याने, चौथा महिन्याने. उत्तर चुकले की चिठ्ठी पुन्हा पहिल्या डब्यात. हे अंतर काही शास्त्रवचन नव्हे. आम्हाला सोयीचे झाले इतकेच. महत्त्वाचे ते असे की थोडे विसरायला लागल्यावर आठवण्याचा प्रयत्न झाला पाहिजे. शिवाय चौथा डबा भरत चालला की मुलीला आपली प्रगती हातात धरून पाहता येते. ज्या मुलाने प्रगतिपुस्तकात लाल रेघाच पाहिल्या आहेत, त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

एका बैठकीला पंचवीस मिनिटे, मग दहा मिनिटे सुटी. रात्रीची जाग्रणे पूर्ण बंद. दमलेल्या मुलाची ओंजळ आधीच भरलेली असते.

६. शब्दांची फोड

येथे माझे मराठीचे ज्ञान प्रथमच कोणाच्या तरी प्रत्यक्ष उपयोगी पडले. विज्ञानाच्या पुस्तकातले संस्कृतप्रचुर शब्द या मुलांना भिंतीसारखे वाटतात. परावर्तन आणि अपवर्तन. अंतर्गोल आणि बहिर्गोल. दिसायला सारखे, लांबीला सारखे, आणि अर्थ निराळे. पण हेच शब्द फोडले की वाट सापडते. ‘वर्तन’ म्हणजे वळणे. ‘परा’ म्हणजे मागे : किरण मागे वळला, ते परावर्तन. ‘अप’ म्हणजे बाजूला : किरण आपल्या वाटेवरून बाजूला कलला, ते अपवर्तन. ‘अंतर्’ म्हणजे आत, ‘बहिर्’ म्हणजे बाहेर. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा सात अक्षरांचा डोंगर ‘प्रकाश’, ‘सं’ आणि ‘श्लेषण’ अशा तीन पायऱ्यांत चढता येतो; ‘श्लेष’ म्हणजे जोडणे, आणि प्रकाशाच्या साहाय्याने अन्न जोडून तयार करणे हे झाडाचे काम. शब्दाचे तुकडे अक्षरांवर न करता अर्थावर केले की स्मरण आणि लेखन दोन्ही सुकर होतात. वीस-पंचवीस उपसर्ग ओळखीचे झाले की शेकडो पारिभाषिक शब्द उलगडू लागतात. मराठीच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून अशी एक यादी करावी, ही माझी या शाळेला सूचना आहे.

शुद्धलेखनाच्या बाबतीत आम्ही सर्व शब्दांच्या मागे लागलो नाही. प्रत्येक विषयातले नेहमी लागणारे तीस-चाळीस शब्द निवडले. ग्रेस फर्नाल्ड या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात एक रीत सांगितली आहे. मोठ्या अक्षरांत लिहिलेला शब्द मुलाने बोटाने गिरवायचा, गिरवताना त्याचे भाग मोठ्याने म्हणायचे, आणि मग मूळ शब्द झाकून आठवणीने लिहायचा. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळांतून धूळपाटीवर अक्षरे गिरवत असत, त्याची ही आठवण करून देते. मात्र फर्नाल्डबाईंच्या रीतीतली शेवटची पायरी विसरू नये. शब्द समोर ठेवून दहा वेळा उतरवून काढणे हे हाताचे काम झाले. झाकून एकदा लिहिणे हे मनाचे. ‘कर्म’ आणि ‘क्रम’ हे दोन शब्द माझ्या नातीने परातीतल्या रव्यावर गिरवले तेव्हा मी शेजारी बसलो होतो. मला कोणाची आठवण झाली, हे सांगावयास नको.

७. प्रश्नपत्रिका आणि हक्क

परीक्षागृहात अशी मुले बरेच गुण गमावतात ती उत्तर येत नाही म्हणून नव्हे, तर प्रश्न नीट वाचला जात नाही म्हणून. यासाठी प्रश्नातले क्रियापद आधी शोधण्याची सवय लावावी : फरक सांगा, कारणे द्या, व्याख्या लिहा, आकृती काढा. त्याखाली रेघ मारावी. रेघ मारण्याचा खरा उपयोग येथे आहे. मग उत्तर लिहिण्यापूर्वी समासात तीन-चार शब्दांचा सांगाडा मांडावा. शेवटच्या दोन महिन्यांत जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात.

सवलतींचाही सराव लागतो. लेखनिक मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. दुसऱ्याला उत्तर सांगणे ही एक कला आहे. पूर्ण वाक्यात सांगावे लागते, विराम सांगावा लागतो, लिहिणाऱ्याच्या वेगाने थांबावे लागते. परीक्षेच्या सकाळी प्रथमच लेखनिकाशेजारी बसलेले मूल गांगरते. म्हणून निदान सराव परीक्षा तरी लेखनिकासह द्याव्यात.

काही पालकांना सवलत मागणे कमीपणाचे वाटते. काही शिक्षकांना ती इतरांवर अन्याय वाटते. चष्मा लावून परीक्षा देणाऱ्यावर आपण असा आक्षेप घेत नाही. १९९५च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य प्रकारांची संख्या ७ वरून २१ केली आणि त्यांत तिला स्थान दिले. हा कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ देण्यास सांगितले, म्हणजे तीन तासांच्या परीक्षेला एक तास अधिक. हाताच्या विकारामुळे लिहू न शकणाऱ्या विकास कुमार या उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले की चाळीस टक्के अपंगत्वाची अट पुरी होत नाही एवढ्यावरून लेखनिक नाकारता येणार नाही. तपशील परीक्षा मंडळागणिक निराळे असतात आणि बदलतात. म्हणून पालकांनी आणि शाळेने दाखल्याची व अर्जाची चौकशी नववीतच करावी. दहावीच्या जानेवारीत धावपळ करू नये.

८. समारोप

माझी नात दहावी झाली, पुढे पदवीधरही झाली. ती आजही सावकाश वाचते आणि अधूनमधून वेलांटी चुकवते. या अभ्यासाने डिस्लेक्सिया गेला, असा दावा मी करीत नाही. तो तसा जातही नाही. तिला जे समजले होते ते परीक्षकापर्यंत पोहोचले, एवढेच झाले. पण त्या कोवळ्या वयात “मला येत नाही” आणि “मला वाचायला वेळ लागतो” या दोन वाक्यांतले अंतर तिला कळले, आणि त्या अंतरावर एखाद्या मुलाचे सारे आयुष्य ठरत असते.

ज्यांच्या नावाने आपण आज जमलो त्या गुरुजींची एक आठवण सांगून थांबतो. शनिवारी शेवटच्या तासाला ते सर्वांना पुस्तके दप्तरात ठेवायला सांगत आणि आठवड्याच्या धड्यांविषयी एकच प्रश्न विचारीत, “काय आठवतं?” जो जे सांगेल ते फळ्यावर लिहीत. आमच्या वर्गात एक मुलगा अतिशय अडखळत वाचे. त्याला गुरुजी शनिवारी पहिल्यांदा विचारीत. इतरांनी सर्व सांगून टाकण्यापूर्वी. त्याचे मुद्दे फळ्यावर सर्वांत वर असत, आणि त्या वर्गात त्याला कोणी ‘ढ’ म्हटल्याचे मला स्मरत नाही. हे संशोधन गुरुजींनी वाचलेले असणे शक्यच नव्हते. बरेचसे तेव्हा झालेलेही नव्हते. मुलाकडे पाहून त्यांनी ते ओळखले होते. त्यांच्याच वर्गात बसलेला मी पुढे प्राध्यापक झालो आणि ते विसरलो.

या शाळेत आजही प्रत्येक वर्गात असा एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी बसलेली असेल. तिची उत्तरपत्रिका हाती आली की लाल शाई उघडण्यापूर्वी तिला जवळ बोलवा, पुस्तक मिटा आणि विचारा, “काय आठवतं?” आणि मग पुरेसा वेळ थांबा.